एका चुलीच्या पेशी

ऋतुजा नारखेडे शनिवारी नाशिकला निघाली की तिच्या बॅगेत कपड्यांच्या आधी डबे भरले जात. ते काम तिची मोठी जाऊ वैशालीताई स्वतःच्या हातानं करायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या कापडात गुंडाळून, उडदाचं घट्ट वरण वेगळ्या डब्यात, घरच्या विरजणाचं दही झाकण नीट दाबून. दोन दिवस पुरेल एवढं. नाशिकला ऋतुजा तेच खायची. समोर तिचा नवरा पराग आणि नऊ वर्षांची इरा गरम पोळी-भाजी खात असायची आणि ती आपला डबा उघडून बसायची, रेल्वेतल्या प्रवाशासारखी.

"आई, तू आमच्या घरचं का खात नाहीस?" इरानं एकदा विचारलं.

'आमच्या घरचं' हे शब्द ऋतुजाला लागले. तिनं सांगितलं, की मोठ्या आईचं औषध माझ्या अंगात तयार होतं आणि ते तयार व्हायला सावद्याच्याच घरचं जेवण लागतं. इरानं मान डोलावली. तिला ते पटलं होतं. ऋतुजाला मात्र तीन वर्षांनंतरही पटलं नव्हतं.

सावद्याच्या नारखेड्यांचा केळीचा धंदा. थोरले हेमंतभाऊ तो सांभाळत, धाकटा पराग इंजिनिअर. ऋतुजा लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा स्वयंपाकघर वैशालीताईंचं होतं आणि पुढंही त्यांचंच राहिलं. त्या कधी वाईट वागल्या नाहीत. पण मीठ किती, फोडणी कशाची, दही कुठल्या भांड्यात लावायचं, हे सगळं त्या ठरवायच्या. ऋतुजा जळगावला एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. लोकांच्या स्वयंपाकघरातली खिडकी कुठं असावी यावर तासभर वाद घालणारी ही बाई स्वतःच्या घरात मसाल्याचा डबा जागचा हलवत नसे. परागला नाशिकला ड्रोनच्या कारखान्यात नोकरी लागली, फ्लॅट घेतला, तेव्हा मात्र तिनं आतला नकाशा हट्टानं स्वतः काढला. भांडी घेऊन झाली, इराच्या शाळेचा प्रवेश झाला. सामान न्यायला टेम्पो ठरला होता, त्याच आठवड्यात वैशालीताईंना दवाखान्यात न्यावं लागलं.

दुखणं जुनं होतं. मोठ्या आतड्याला आतून कायमची सूज, त्यावर जखमा. दिवसातून कितीदा तरी रक्त पडायचं. स्टेरॉइडनं चेहरा सुजला, हाडं ठिसूळ झाली. मग महागडी इंजेक्शनं आली, तीही एकेक करून निकामी ठरली. वजन इतकं उतरलं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या.

जळगावच्या पेशीकेंद्रात डॉक्टर सबा इनामदार म्हणून एक बाई होत्या. घरच्या सगळ्यांना समोर बसवून त्यांनी नीट समजावून सांगितलं. आतडं ही शरीराची सगळ्यात मोठी हद्द आहे, त्या म्हणाल्या. एका बाजूला अन्न आणि अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला आपलं रक्तमांस, आणि मध्ये पेशींचा एकच पातळ थर. म्हणून रोगप्रतिकारक पेशींचा मोठाच जमाव तिथं कायम उभा असतो. त्यांतल्या काही मारणाऱ्या असतात, आणि काही त्या मारणाऱ्यांना आवरणाऱ्या. अन्न आलं, नेहमीचे जिवाणू आले, की आवरणाऱ्या पेशी म्हणतात, हे आपलेच आहेत, गप्प बसा. वैशालीताईंच्या आतड्यातल्या आवरणाऱ्या पेशी ओळख विसरल्या होत्या. त्यामुळे मारणाऱ्या मोकाट सुटून आतड्याची भिंतच फाडत होत्या.

"आणि भीती नुसत्या जखमेची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जखम भरायची तर पेशींना पुन्हा पुन्हा विभागावं लागतं. तीच जागा फाटते, तीच शिवली जाते. अशी वर्षं गेली की शिवताना कधीतरी चूक होते. कर्करोग तिथून सुरू होतो."

मग त्यांनी नवा उपचार सांगितला. आवरणाऱ्या पेशींना ओळख शिकवावी लागते, आणि ती शिकवण रोजच्या जेवणातून होते, असं थोड्या वर्षांपूर्वी सिद्ध झालं होतं. पाणी, धान्य, दही, रांधणाऱ्याचे हात, यांतून प्रत्येक घराचे म्हणून काही जिवाणू ठरतात. वर्षानुवर्षं एका चुलीवर जेवणाऱ्यांच्या पोटात तेच जिवाणू नांदतात आणि त्यांच्या आवरणाऱ्या पेशींना तेच धडे पाठ असतात. अशा निरोगी माणसाच्या रक्तातून त्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यावरची परकेपणाची खूण पुसायची, वाढवायच्या आणि रोग्याला द्यायच्या. रक्ताचं नातं लागत नाही, एकत्र जेवलेलं असावं लागतं. या पेशी काही आठवडेच टिकतात, मग ताज्या द्याव्या लागतात. आणि देणाऱ्यानं त्याच घरचं जेवत राहावं लागतं, कारण शिकवणी थांबली की त्याच्या पेशीही हळूहळू विसरतात. लोकांनी त्याला नाव दिलं होतं, एकचूल उपचार.

घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. हेमंतभाऊंना मधुमेह, शिवाय अर्धा महिना ते व्यापारासाठी बाहेर. त्यांचा मुलगा कॅनडात. परागची उमेदीची वर्षं पुण्यात मेसमध्ये जेवण्यात गेलेली. जुळल्या त्या फक्त ऋतुजाच्या पेशी. ज्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायची ती वाट पाहत होती, ते तिच्या रक्तात उतरलेलं होतं.

तिला कोणी विचारलं नाही असं नाही. सगळ्यांनी विचारलं, आणि सगळ्यांसमोर विचारलं. ती हो म्हणाली. परागला तिनं सांगितलं, सहा महिन्यांचा प्रश्न आहे. इराची शाळा बुडायला नको म्हणून पराग मुलीला घेऊन पुढं गेला.

सहा महिन्यांनी वैशालीताई चालत देवळात गेल्या. वर्षानं त्यांनी भाचीच्या लग्नात पुढाकार घेऊन सगळा रुखवत मांडला. दर दीड महिन्यानं ऋतुजा केंद्रातल्या खुर्चीत पडून राहायची; एका हातातून रक्त यंत्रात जायचं, तिच्या पेशी निवडून काढल्या जायच्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत यायचं. शेजारच्या काचेपलीकडे ताईंना आधीची खेप चढत असायची. दुखायचं काही नाही. फक्त हलता यायचं नाही.

घरात तिचा मान वाढला. नात्यातल्या बायका तिचे हात हातात घेऊन म्हणायच्या, सख्खी बहीण करणार नाही ते तू केलंस. लग्नाच्या पंगतीत तिच्या ताटाकडे दोनतीन जणांचं लक्ष असायचं. तिला ताप आला तर ती गोळी घेण्याआधीच हेमंतभाऊ डॉक्टरांना फोन करून विचारायचे, कारण एका चुकीच्या अँटिबायोटिकनं पोटातली सगळी वस्ती उजाड झाली असती. अख्खं घर तिच्या पोटाची काळजी घ्यायचं. घर तिला जपत नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

पराग सुरुवातीला भांडायचा. कधी येणार, नक्की सांग, म्हणायचा. तिसऱ्या वर्षी त्यानं विचारणं सोडून दिलं. तो फोनवर हवापाण्याचं बोलायचा, इराच्या पालकसभेला जाऊन आल्यावर सगळं सांगायचा, आणि चांगल्या आवाजात फोन ठेवायचा. त्या चांगल्या आवाजाची तिला भांडणापेक्षा जास्त भीती वाटू लागली.

पहिला घास तिनं ठरवून खाल्ला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत इरानं स्वतः उपमा केला. गुठळ्या झालेला, जरा करपलेला. बशी आईसमोर ठेवून ती बाजूला उभी राहिली आणि मग आठवून म्हणाली, "अगं, तुला चालत नाही ना." ती बशी परत उचलायला लागली, तेव्हा ऋतुजानं तिचा हात धरला आणि सगळा उपमा खाल्ला. त्या दिवशी डब्यातली भाकरी तशीच राहिली.

परतल्यावर ऑफिसात दुपारी सगळे कॅन्टीनला निघाले आणि तीही त्यांच्याबरोबर उठली. डोसा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाव-मिसळ. पंधरा दिवसांत ते नेहमीचं झालं. घरी रात्री ती अर्धी भाकरी घ्यायची, आंबट ढेकर येतात म्हणायची. कधी कधी ती अर्धीही रुमालात जायची आणि सकाळी बसस्टँडवरच्या कुत्र्यांना मिळायची. दही ती बेसिनमध्ये ओतून पाणी सोडायची. आपण काय करतोय हे ती स्वतःलाही पूर्ण वाक्यात सांगत नव्हती. एकदोनदा तिनं आरशात पाहून मनाशी म्हटलं, आपोआप बंद पडलं तर कोणाचा दोष नाही.

पेशी विसरू लागल्या. केंद्रातल्या चाचणीत त्यांची ओळख घटलेली दिसली. पुढच्या खेपेला आणखी घटली. डॉक्टर इनामदारांनी विचारलं, जेवणात काही बदल झालाय का? ऋतुजा नाही म्हणाली. काचेपलीकडे वैशालीताई डोळे मिटून पडल्या होत्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर ताईंना पुन्हा रक्त पडलं. पहिल्यांदा थोडं, मग रोज. ऋतुजा ऑफिसातून सुट्टी काढून घरी बसली आणि पोटभर घरचं जेवू लागली. दोन्ही वेळा भाकरी, वाटीवर वाटी दही, घशाखाली उतरत नसलं तरी. पण ओळख जायला जेवढा वेळ लागतो त्याहून ती परत यायला जास्त लागतो, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं. बाथरूमच्या बाहेर उभं राहून ती ताईंचं कण्हणं ऐकायची. तिला वाटायचं, आता कोणाला सांगितलं तर घर आपल्याला तोडून टाकेल, आणि नाही सांगितलं तर हे कण्हणं जन्मभर कानात राहील.

डॉक्टरांनी ताईंच्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी केली. चार दिवसांनी त्यांनी हेमंतभाऊ आणि ऋतुजा दोघांनाही आत बोलावलं. पडद्यावर आतड्याची गुलाबी भिंत होती आणि तिच्यावर एका ठिकाणी सपाट, जेमतेम नाण्याएवढा डाग होता. त्याचा तुकडा काढून तपासला होता. कर्करोग.

हेमंतभाऊंनी विचारलं, दर वर्षी तपासत होतात ना, मग? डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. डाग उठावदार नव्हता आणि भोवती सूज नव्हती, म्हणून गेल्या खेपेला नजरेतून सुटला, त्या म्हणाल्या. आणि त्यामागचं कारण अधिक वाईट होतं. आवरणाऱ्या पेशींना दाह आणि कर्करोग यांतला फरक कळत नाही. दाहात मारणाऱ्या पेशींना थोपवणं हे काम चांगलं. पण गाठ जन्माला येत असते तेव्हा नेमक्या त्या मारणाऱ्याच हव्या असतात. तुकड्यात दिसलं, की ऋतुजाच्या पेशी त्या डागाभोवती कडं करून बसल्या होत्या आणि कोणाला जवळ फिरकू देत नव्हत्या. जुन्या जखमांतून झालेली चूक त्यांच्या आडोशाला निवांत वाढली होती.

"आता पेशी दुबळ्या झाल्या, सूज परतली, त्या जागेतून रक्त आलं, म्हणून आपण पाहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर आणखी वर्षभर कळलं नसतं. नशीब म्हणायचं."

हेमंतभाऊंनी छताकडे पाहून हात जोडले. ऋतुजा खुर्चीचा हात धरून बसली. आपण जाऊचा जीव घेत होतो की वाचवत होतो, हे तिला समजेना, आणि त्या क्षणी ते कोणाला विचारताही येत नव्हतं.

मग ताईंच्याच खाटेशी सगळे बसले. डॉक्टरांनी दोन मार्ग ठेवले. एक, आतड्याचा रोगट भाग तेवढा कापायचा, बाकीचं ठेवायचं. मग राहिलेल्या आतड्यातला दाह आवरायला ऋतुजाच्या पेशी पुन्हा नीट शिकवून कमी मात्रेत द्यायच्या आणि दर तीन महिन्यांनी आत पाहत राहायचं. हे कायमचं. दुसरा मार्ग जुना होता. सगळं मोठं आतडं काढून टाकायचं, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं आणि तिथं पिशवी लावायची. दाहाला जागाच उरत नाही, पेशीही लागत नाहीत. हा मार्ग त्यांनी तीन वर्षांपूर्वीही सुचवला होता. तेव्हा ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

हेमंतभाऊंचं मत लगेच ठरलं. पोटाला पिशवी बांधून ही चारचौघांत कशी वावरणार, म्हणाले. पहिलाच मार्ग बरा. ऋतूनं आता जरा काळजीपूर्वक जेवलं की झालं. एवढं बोलून त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. त्या पाहण्यात हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि तिला नेहमी त्याचंच ओझं व्हायचं. फोनच्या पडद्यावर पराग होता. त्यानं मान खाली घातली. ऋतुजानं हो म्हणायला तोंड उघडलं.

"अहो, डॉक्टरांना चहा पाजून आणा," वैशालीताई म्हणाल्या. "आणि तो फोन ठेवा. मला ऋतूशी बोलायचंय."

दार लागल्यावर त्यांनी ऋतुजाला खाटेजवळ बोलावलं.

"दिवाळीपासून तू घरचं जेवत नाहीस," त्या म्हणाल्या.

"ताई, मी..."

"पीठ मी मळते. किती मळलं आणि किती पोटात गेलं, हे मला कळणार नाही होय? बेसिनच्या जाळीत दह्याचा पांढरा थर मीच साफ करत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? जेव म्हणू?" ताईंचा आवाज चढला नाही. "तीन वर्षं तुझ्या तोंडातले घास बघत जगले मी. तू एक घास कमी घेतलास की मी रात्रभर जागायचे. तू मागून घेतलंस की वाटायचं, आजचा दिवस निभावला. स्वतःच्या ताटात काय आहे ते मी बघतच नव्हते गं. तुझी पोर तिकडं वाढत होती आणि मी तुला डबे बांधून देत होते, परत यावंस म्हणून."

ऋतुजानं सरकलेली चादर त्यांच्या पायांवर ओढली.

"तू बाहेर खायला लागलीस तेव्हा मला राग आला नाही असं नाही. आला. मग वाटलं, ही तरी सुटेल. तुला तोंडानं जा म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून गप्प बसले. रक्त पडायला लागलं तेव्हा पण गप्प बसले. तेवढंच जमलं मला."

"तुम्हाला काही झालं असतं तर?"

"झालंच ना." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "पिशवीची मला फार भीती वाटते, ऋतू. वास येईल, लोक लांब बसतील, असं वाटतं. आत्ताही वाटतंय. पण हे दुसऱ्याच्या पोटावर जगणं त्याहून वाईट आहे. हे आपल्या दोघींत राहू दे. यांना सांगू नकोस, त्यांना समजणार नाही."

डॉक्टर परत आल्या तेव्हा ताईंनी सांगून टाकलं, सगळं काढा. हेमंतभाऊ बराच वेळ समजूत घालत होते, मुलाला कॅनडाला फोन लावून झाला, तोही बोलला. ताई ऐकत होत्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, की अहो, पोट माझं आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी अंगातल्या उरल्यासुरल्या परक्या पेशी संपवणं भाग होतं, म्हणजे कर्करोगावर तुटून पडायला ताईंच्या स्वतःच्या मारणाऱ्या पेशींना मोकळं रान मिळणार होतं. प्रयोगशाळेत तयार होताना अशा प्रत्येक पेशीत एक कळ बसवलेली असते. ठरावीक गोळी घेतली की त्या पेशी आपोआप विरघळतात. ताईंनी गोळी पाण्याबरोबर गिळली. ऋतुजा शेजारी ग्लास धरून उभी होती. आपल्या शरीरातलं काहीतरी दुसरीच्या शरीरात या घटकेला मरतंय, हे तिला ठाऊक होतं. तीन वर्षं तिनं हाच दिवस मागितला होता. तरी ग्लास रिकामा झाल्यावरही तिनं तो धरूनच ठेवला.

गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर गेली नव्हती. जखम भरेपर्यंत ऋतुजा राहिली. पिशवी बदलायला दोघी एकत्रच शिकल्या. पहिल्यांदा सगळं अंगावर सांडलं तेव्हा ताईंनी तिला बाहेर काढलं आणि आतून कडी लावून रडल्या. नंतर नंतर त्यांना ते जमायला लागलं, पण वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात त्यांना कोणी हाक मारलेली खपत नसे.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी पराग गाडी घेऊन तिला न्यायला आला. त्यानं सामान भरलं. दोघं एकमेकांशी जरा जपून बोलत होते, नव्या ओळखीच्या माणसांसारखे; तीन वर्षांत त्याच्या काही सवयी बदलल्या होत्या, तिच्याही. आता ते कसं जमवायचं, याचा विचार ती दोन दिवस करत होती आणि उत्तर मिळालेलं नव्हतं. या खेपेला बॅगेत एकही डबा नव्हता. हेमंतभाऊ ओसरीवर उभे होते. तू थांबली असतीस तर, असं काहीतरी ते बोलायला गेले आणि वाक्य अर्धंच सोडलं.

ताई बाथरूममध्ये होत्या. ऋतुजा दाराशी जाऊन उभी राहिली.

"ताई, निघते."

"हो. नीघ." आत पाणी वाहत होतं.

"तुम्ही बाहेर या, पाया पडून मग जाते."

"मला वेळ लागेल. जा तू. पराग खोळंबलाय."

ऋतुजा थांबली. आत भांड्याचा आवाज झाला, प्लास्टिक कुरकुरलं, ताईंनी स्वतःशीच काहीतरी पुटपुटलं. लवकर दार उघडेल असं चिन्ह नव्हतं. कदाचित त्यांना ते उघडायचंही नव्हतं. तिनं पदर खांद्यावरून घेतला आणि बंद दारासमोरच वाकून उंबऱ्याला हात लावला.

पाण्याचा आवाज थांबला.

"ऋतू."

"हं."

"पोचलीस की लगेच फोन करत बसू नकोस," आतून ताई म्हणाल्या. "आधी जेवून घे."